चाळीस बाइटांचा ताका

उधन्याहून ताप्ती व्हॅली लाइनची गाडी धरली की नियोलनंतर चलथाण येतं. हंगामात एकीकडून उसाची वाहनं सहकारी साखर कारखान्याकडे वळत असतात आणि दुसरीकडून ग्रे कापडाचे टेम्पो कडोदरा-पलसाणा पट्ट्यातल्या डाईंग-प्रिंटिंग मिलांकडे. उसाच्या फडात खानदेशातली आणि डांगातली माणसं. मिलांच्या खात्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि पुन्हा खानदेश. लिंबायत, उधना, डिंडोली भागातली आमच्यासारखी अहिराणी बोलणारी कितीतरी घरं याच मिलांच्या आधाराने उभी राहिली. माझे वडील स्टेंटरवर होते. मी अशाच मिलांचा हिशेब ठेवणारे प्रोग्रॅम लिहितो. संगणकाच्या मेमरीबद्दल मला जे काही उमजलं, ते पुस्तकांनी जितकं शिकवलं तितकंच इथल्या फोल्डिंग खात्यानेही.

या मिलांचं बरंचसं काम जॉब वर्कचं. सुरतच्या बाजारातली पार्टी ग्रे ताके पाठवते. मिल ते धुऊन, रंगवून किंवा छापून, स्टेंटरवर ताणून, घड्या घालून परत देते आणि मीटरमागे मजुरी लावते. ताका म्हणजे साधारण शंभरेक मीटरचा सलग कापडाचा तुकडा. प्रक्रियेत कापड आटतं, आणि किती आटलं यावरून पार्टी आणि मिल यांची घासाघीस कायमची. म्हणून नुसता लॉटचा हिशेब पुरत नाही. कुठला ताका कधी आला, किती मीटरचा होता, पन्हा किती, कोणत्या खात्यातून पुढे सरकला आणि शेवटी किती मीटर भरला, हे ताक्यागणिक सांगता आलं पाहिजे.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धत या कामाला सहज बसते. मिलमध्ये ताका आहे, तर प्रोग्रॅममध्ये ताका नावाचा क्लास. लॉट आहे, तर लॉटचा क्लास. वाचायला सोपं, समजवायला सोपं. एका मिलमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेला असाच एक जावातला प्रोग्रॅम आमच्याकडे देखभालीला आला. एरवी तो बरा चालायचा. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या तोंडावर मात्र आवक वाढली की आवक खात्यातला पडदा अडकून बसायचा. हीप, म्हणजे ऑब्जेक्ट जिथे राहतात ती मेमरी, भरत आला की जागा मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर पुन्हा पुन्हा धावतो, पण मोकळं करण्यासारखं त्याला फारसं सापडत नाही. तेवढा वेळ नोंद थांबते आणि गेटवर टेम्पो खोळंबतो. मिलचे मेहताजी म्हणायचे, “भाई, नवी रॅम नखावी दो ने!” पण त्या जुन्या बोर्डावर होती त्याहून जास्त रॅम बसतच नव्हती, आणि नवा सर्व्हर घेण्याचा खर्च शेठना ऐन हंगामात नको होता.

आमच्याकडे शिकायला आलेली डिंडोलीची एक मुलगी तेव्हा माझ्याशेजारी बसायची. तिने विचारलं, “दादा, एक ताका मेमरीत किती जागा खातो?” प्रश्न साधा होता आणि तिथूनच सुरुवात करणं योग्य होतं. ओपनजेडीकेचं जेओएल नावाचं एक साधन आहे. ते ऑब्जेक्टमधला एकेक बाइट कुठे गेला, हे छापून दाखवतं. आम्ही ताक्याचा क्लास त्यात घातला.

हॉटस्पॉट या जावाच्या नेहमीच्या यंत्रणेत, चौसष्ट बिटांच्या मशीनवर, नेहमीच्या सेटिंगला प्रत्येक ऑब्जेक्टच्या माथ्यावर १२ बाइटांचं हेडर असतं. ऑब्जेक्टचा क्लास कोणता, त्यावर कुलूप आहे का, कलेक्टरने त्याला किती फेऱ्यांत पाहिलं, ही माहिती त्यात राहते. आमच्या ताक्यात मीटरसाठी ८ बाइटांचा डबल होता. लॉट नंबर, पार्टी, क्वालिटी, तारीख आणि पन्हा असे पाच रेफरन्स होते, प्रत्येकी ४ बाइट. रंगवला, छापला, फोल्ड झाला, रवाना झाला असे चार होय-नाही, प्रत्येकी १ बाइट. बेरीज ४४. हॉटस्पॉट ऑब्जेक्टचा आकार ८ च्या पुढच्या पटीपर्यंत वाढवतो, म्हणून ४८.

पण ४८ हा फक्त माथा. तारखेचं ऑब्जेक्ट २४ बाइटांचं. लॉट नंबरची सहा अक्षरी स्ट्रिंग म्हणजे स्ट्रिंगचं ऑब्जेक्ट २४ आणि आतल्या अक्षरांची रांग २४, मिळून ४८. पार्टीचं अठरा इंग्रजी अक्षरांचं नाव ६४. क्वालिटीचं दहा अक्षरांचं नाव ५६. पन्हा मात्र फुकटात सुटला. जावा उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर आधीच बनवून ठेवते आणि सगळ्यांना तेच वाटून देते. आमचे ४४ आणि ५८ इंची पन्हे त्यात बसत होते. सगळं धरून एक ताका २४० बाइटांचा. खरी माहिती त्यातली पंचवीस-तीस बाइटांची. बाकी सगळं हेडर, रेफरन्स, भरणा आणि तीच तीच नावं.

“मग कंपायलर काय करतो?” तिचा पुढचा प्रश्न. कंपायलर बरंच काही करतो, आणि तो काय करतो हे माहीत असलं की आपले कष्ट योग्य जागी पडतात.

पहिली गोष्ट फील्डांच्या मांडणीची. सी++ मध्ये आपण आधी एक कॅरॅक्टर, मग डबल, मग पुन्हा कॅरॅक्टर असा क्रम लिहिला तर नेहमीच्या मशीनवर २४ बाइट जातात. डबल आधी लिहून दोन्ही कॅरॅक्टर मागे ठेवले तर १६. भाषेचा नियम क्रम पाळायला सांगतो, म्हणून तिथे कंपायलरचे हात बांधलेले. जावात असा नियम नाही. हॉटस्पॉट स्वतःच फील्ड पुढेमागे करून फटी बुजवतो, म्हणून जावाच्या क्लासमध्ये फील्डांचा क्रम बदलण्यात वेळ घालवू नये.

दुसरी गोष्ट स्ट्रिंगची. २०१७ साली आलेल्या जावा ९ पासून लॅटिन अक्षरांच्या स्ट्रिंगला प्रत्येक अक्षरामागे एकच बाइट लागतो. त्याआधी दोन लागायचे. पण स्ट्रिंगमध्ये एक जरी देवनागरी किंवा गुजराती अक्षर आलं, तर सबंध स्ट्रिंग दोन-दोन बाइटांनी साठवली जाते. तीच अठरा खुणांची पार्टी गुजरातीत लिहिली तर ६४ ऐवजी ८० बाइट. आपल्या लिप्यांत काम करणाऱ्याने हा हिशेब आधीच धरायला हवा. त्यासाठी लिपी बदलण्याचं काही कारण नाही. नाव एकदाच साठवून त्याचा क्रमांक सगळीकडे वापरला की प्रश्न मिटतो. एका लॉटमधल्या सगळ्या ताक्यांची पार्टी एकच असते, तरी डेटाबेसमधून वाचताना प्रत्येक ताक्यासाठी नावाची नवी प्रत बनत होती. जी-वन कलेक्टरमध्ये अशा सारख्या स्ट्रिंगांची आतली रांग एकच करण्याची सोय आहे, पण ती मागितली तरच सुरू होते आणि स्ट्रिंगचं वरचं २४ बाइटांचं ऑब्जेक्ट तरीही उरतंच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते: एस्केप अनॅलिसिस. आटीचा हिशेब करताना प्रोग्रॅम प्रत्येक ताक्यासाठी एक छोटं ऑब्जेक्ट बनवायचा: आलेले मीटर, भरलेले मीटर, टक्के. काम झालं की ते ऑब्जेक्ट कुणालाच नको. धावत्या प्रोग्रॅमचं भाषांतर करणारा जेआयटी कंपायलर तपासतो, की हे ऑब्जेक्ट या मेथडच्या बाहेर कुठे पोचतं का. पोचत नाही असं पटलं, तर तो ऑब्जेक्ट बनवतच नाही. त्याची तीन फील्डं तीन सुट्या चलांत ठेवतो, आणि ते चल बहुधा प्रोसेसरच्या रजिस्टरांतच राहतात. हेडर नाही, हीप नाही, कलेक्टरला काम नाही. जावा ६ च्या २३व्या अपडेटपासून ही सोय आपोआप चालू आहे.

आमच्या प्रोग्रॅममध्ये मात्र हे घडत नव्हतं. त्या मेथडमध्ये कधीतरी तपासणीसाठी एक यादी घातली होती आणि आटीचं प्रत्येक ऑब्जेक्ट तिच्यात जमा होत होतं. यादी बाहेरून दिसणारी. म्हणजे ऑब्जेक्ट बाहेर पोचलं आणि कंपायलरला माघार घ्यावी लागली. ती यादी कुणी वाचत नव्हतं, पण कंपायलरला ते कसं ठाऊक? ती ओळ काढली. मेथड तापली, म्हणजे पुरेशा वेळा चालून जेआयटीच्या हाती गेली, की त्या ऑब्जेक्टांची निर्मिती नोंदीतून नाहीशी झाली. कंपायलर सिद्ध करू शकतो तेवढंच करतो, हे मी त्या मुलीला तिथे दाखवू शकलो.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, आणि तिचं एक उत्तर आपल्या पवईत, आयआयटी मुंबईत शोधलं गेलं आहे.

गोडाऊनमध्ये एखादा ताका पडून असतो. त्याला कार्ड लावलेलं, रजिस्टरात नोंद. पण पार्टीचा हिशेब चुकता झालेला आणि तो ताका आता कुणीही मागणार नाही. रखवालदार कार्ड पाहतो, म्हणून त्याला हात लावत नाही. गार्बेज कलेक्टर असाच वागतो. ऑब्जेक्टपर्यंत पोचायची वाट आहे का, एवढंच तो बघतो. पुढे त्याचा उपयोग होणार आहे का, हे त्याला कळत नाही. आमच्या बिलाच्या मेथडमध्ये नेमकं हेच होतं. लॉटमधले सगळे ताके वाचून बेरीज व्हायची, मग बिल तयार करून छापायला वेळ लागायचा. त्या वेळात लॉटकडून फक्त पार्टीचं नाव हवं असायचं. ताक्यांची यादी मात्र लॉटला चिकटून, म्हणून जिवंत. एखादा साधा लोकल चल पुढे लागणार नाही, हे जेआयटी ओळखतो आणि त्याच्यामुळे ऑब्जेक्ट अडकू देत नाही. पण लॉटच्या आतल्या फील्डबद्दल तो असं ठरवत नाही.

उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ मध्ये एसीएमच्या प्रोग्रॅमिंग भाषांच्या नियतकालिकात हीप रेफरन्स अनॅलिसिसवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कल्पना अशी: प्रोग्रॅम चालवण्याआधीच, तो वाचून ठरवायचं की कोणत्या ठिकाणानंतर कोणती वाट पुन्हा वापरली जाणार नाही. ‘लॉटची ताक्यांची यादी’ ही अशी एक वाट. ती पुढे कुठल्याच फाट्यावर लागणार नसेल, तर कंपायलरने तिथे स्वतःहून तो रेफरन्स नल, म्हणजे रिकामा, करून टाकायचा. मग कलेक्टरला ते ताके मोकळे दिसतात.

ऐकायला सरळ, करायला कठीण. याद्यांमध्ये पुढचा, त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा अशी वाट कितीही लांबू शकते. अमर्याद वाटांचा हिशेब कंपायलर करू शकत नाही. या तिघांनी कोणतं फील्ड प्रोग्रॅमच्या कोणत्या ठिकाणी वापरलं गेलं, याची खूण ठेवून त्या वाटा मर्यादित आकाराच्या आलेखांत बसवल्या. शिवाय दोन दक्षता. एकाच ऑब्जेक्टकडे दुसऱ्या नावाने जाणारी वाट असू शकते, तिचा उपयोग बाकी असेल तर हात लावायचा नाही. आणि नल लिहिण्यासाठी ज्या लॉटमध्ये शिरायचं तो लॉटच तिथे नल असेल, तर चांगला चालणारा प्रोग्रॅम आपल्यामुळे कोसळेल. म्हणून तिथे शिरणं सुरक्षित आहे हेही आधी सिद्ध करायचं. प्रोग्रॅमचा अर्थ तसूभरही बदलता कामा नये, ही त्या कामातली शिस्त मला फार मोलाची वाटते.

या कामाला परंपराही आहे. खेडकरांनी डॉक्टरेट केली ती आयआयटी मुंबईतच, धनंजय ढमढेरे यांच्याबरोबर. एकच आकडेमोड पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून कंपायलरने काय करावं, यावर ढमढेरे यांचं काम जगभर वाचलं गेलं. त्यांची सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरची पुस्तकं भारतातल्या कितीतरी अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी अभ्यासली आहेत, मीही त्यांतला एक. खेडकर पुण्याच्या विद्यापीठातही शिकवत होते. पुढे आयआयटी मुंबईत जीसीसी हा मुक्त कंपायलर आतून समजावून देण्यासाठी केंद्र चाललं, कार्यशाळा झाल्या. जगात ज्या विषयाचं नाव दूरच्या विद्यापीठांशी जोडलं जातं, तो विषय आपल्याच माणसांनी आपल्याच गावात इतक्या खोलवर नेला, याचा मला अभिमान आहे.

हीप रेफरन्सचं हे विश्लेषण रोजच्या जावाच्या कंपायलरात अजून आलेलं नाही. जावात क्लास चालू प्रोग्रॅममध्येही येऊन मिळतात, एकाच नावाची मेथड प्रत्यक्षात कोणत्या क्लासची चालेल हे आयत्या वेळी ठरतं, त्यामुळे सगळा प्रोग्रॅम आधी वाचून ठाम बोलणं जड जातं. म्हणून निबंधातली शिस्त आम्ही हाताने वापरली. बिलाच्या मेथडमधून आधी बेरीज आणि पार्टीचं नाव काढून घेतलं आणि छपाईकडे फक्त तेवढंच पाठवलं. लॉट तिथे जाईनासा झाला आणि यादी वेळेवर मोकळी होऊ लागली.

उरलेलं कामही याच चालीने केलं. २००३ मध्ये एमआयटीतल्या स्कॉट अनानियन आणि मार्टिन रिनार्ड यांनी जावा प्रोग्रॅमांतल्या माहितीचा आकार कमी करण्याच्या कंपायलर-युक्त्या मांडल्या होत्या. कधीच न वाचलं जाणारं फील्ड काढायचं. लहान आकडेच येत असतील तर फील्ड अरुंद करायचं. आणि बहुतेक ऑब्जेक्टांत एकच किंमत असेल, तर ते फील्ड ऑब्जेक्टमधून काढून फक्त अपवाद वेगळ्या तक्त्यात ठेवायचे. हेही आमच्या नेहमीच्या जावात आपोआप मिळत नाही. आम्ही पार्टी, क्वालिटी आणि लॉट यांचे क्रमांक केले, तारीख दिवसांच्या आकड्यात ठेवली, पन्ह्याला एक बाइट आणि चार होय-नाही एका बाइटात. बेरीज ३८, वाढून ४०. दोनशे चाळीसचा ताका चाळीस बाइटांवर आला.

त्यानंतर जावा २५ मध्ये हेडर १२ वरून ८ बाइटांवर आणण्याची सोय पक्की झाली, २०२५ मध्ये. आम्ही ती चाचणीच्या मशीनवर लावून पाहिली. ताका तिथेच राहिला: ३४ झाले, पण वाढून पुन्हा ४०. मीटर डबलऐवजी सेंटीमीटरच्या इंटिजरमध्ये ठेवले, तर जुन्या हेडरखालीही ३४ आणि पुन्हा ४०. दोन्ही एकत्र केल्यावर मात्र ३० आणि वाढून ३२. एकेकटी काटकसर वाया जाते आणि दोन मिळून फळ देतात, हे मोजल्याशिवाय कुणालाही कळलं नसतं. त्या मुलीने या आकड्यांचा तक्ता स्वतः काढला आणि आता नव्याने येणाऱ्या मुलांना तीच समजावते.

फोल्डिंगच्या टेबलावर ताका मोजून झाला की बारकोड वाचायला अँड्रॉइडची छोटी यंत्रं असतात. तिथे मेमरी अगदी तोकडी. अँड्रॉइडचा आर-८ कंपायलर बांधणीच्या वेळीच न लागणारे क्लास आणि फील्डं काढतो, सोयीचे क्लास एकत्र करतो आणि शक्य तिथे एनमचं, म्हणजे ठरावीक नावांच्या यादीचं, साध्या आकड्यात रूपांतर करतो. ताक्याच्या टप्प्यांसाठी, म्हणजे ग्रे, डाईंग, स्टेंटर, फोल्डिंग यांसाठी आम्ही निर्धास्तपणे एनम वापरले. कोड वाचणाऱ्याला नावं दिसतात आणि यंत्राला आकडे. जिथे कंपायलर सक्षम आहे, तिथे त्याच्यावर भरवसा ठेवून सुबक लिहावं. ही सवलत त्याने आपल्याला कमावून दिली आहे.

मिलचा सर्व्हर तोच राहिला. पुढच्या लग्नसराईत आवक खात्यातला पडदा अडकला नाही आणि मेहताजींनी रॅमचा विषय काढला नाही.

दक्षिण गुजरातच्या आणि खानदेशच्या कॉलेजांत कंपायलर हा विषय बहुधा पार्सिंगच्या तक्त्यांपाशी संपतो. शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की तक्त्यांवरचा थोडा वेळ कमी करून पार्सिंगनंतर काय होतं ते मुलांना दाखवा: एस्केप अनॅलिसिस, फील्डांची मांडणी, कोणतं ऑब्जेक्ट जिवंत आणि कोणतं नुसतं पोचण्याजोगं. खेडकरांच्या व्याख्यानांच्या स्लाइड उघड उपलब्ध आहेत, त्या वाचण्यासारख्या आहेत. आणि जे आधीच कामाला लागले आहेत, त्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात जास्त वेळा बनणारा क्लास कोणता ते शोधावं, तो जेओएलमध्ये घालावा आणि त्याचे बाइट मोजावेत. साधन फुकट आहे, जुन्या मशीनवरही चालतं, आणि मोजमाप हाती आलं की कंपायलरवर काय सोडायचं आणि स्वतः काय करायचं ते नेमकं ठरवता येतं.